प्रश्न हाताचा की मिलिमीटरचा?

मुलींनी गिटार शिकावी की नाही, हा वाद निदान शहरांतल्या मध्यमवर्गीय घरांतून तरी आता संपल्यासारखा आहे. मुली क्लासला जातात, गॅदरिंगमध्ये वाजवतात, आईवडील कौतुकानं फोटो काढतात. फेंडर या गिटार बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीनं २०१८ साली अमेरिका आणि ब्रिटनमध्ये पाहणी केली, तेव्हा नव्यानं गिटार हाती घेणाऱ्यांत निम्म्या स्त्रिया असल्याचं दिसलं. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण एक रेघ अजून शाबूत आहे. गिटार वाजवणारी मुलगी घराला चालते, समाजाला चालते. तीच मुलगी पाना घेऊन गिटारचा स्क्रू फिरवायला बसली, की आजूबाजूचे लगेच म्हणतात, "अगं, राहू दे, बिघडवशील. दादाला दे." वाजवणं ही कला, ती बाईला शोभते. वाद्य जुळवणं हे 'टेक्निकल' काम, ते कुणीतरी पुरुष करून देईल. या वाटणीबद्दल मला थोडं बोलायचं आहे.

निमित्त आहे गेल्या वर्षी मी घेतलेल्या सात तारांच्या इलेक्ट्रिक गिटारचं. नेहमीच्या गिटारला सहा तारा असतात. त्यांत खर्जाच्या बाजूला आणखी एक-दोन तारा वाढवल्या, की त्या गिटारला 'एक्स्टेंडेड रेंज' म्हणतात, म्हणजे स्वरांचा पल्ला वाढवलेली गिटार. कल्पना तशी जुनी आहे. रशियात एकोणिसाव्या शतकात सात तारांची गिटार लोकप्रिय होती. अमेरिकेत जॉर्ज व्हॅन एप्स या जॅझ वादकानं १९३० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या गिटारला सातवी तार लावून घेतली. १९९० साली इबानेझ कंपनीनं स्टीव्ह व्हाय या वादकासाठी घडवलेली 'युनिव्हर्स' ही गिटार बाजारात आली आणि रॉक व मेटल संगीतात सात तारा रुळल्या. पुढे आठ तारांच्याही आल्या. हे संगीत म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर केस मोकळे सोडलेला पुरुषच येतो. साराह लाँगफील्डसारखी अमेरिकन वादक आठ तारांवर दोन्ही हातांची बोटं सफाईनं चालवते, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

या वाढीव तारांमुळे वाद्याचं गणित बदलतं. सहा तारांच्या गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ कंपनं करते. सातवी तार साधारण ६२ आणि आठवी ४६ कंपनं करते. लांबी तीच ठेवून नुसता स्वर खाली आणला तर तार सैल पडते आणि पडद्यांवर खडखडते. म्हणून ती जाड तरी करावी लागते, लांब तरी. नेहमीच्या बऱ्याच गिटारींत तारेची बोलती लांबी साडेपंचवीस इंच असते, आठ तारांच्या गिटारीत बहुधा २७ इंच. दांडी रुंद होते. डोक्याकडच्या टोकाला ती एरवी ४२-४३ मिलिमीटर असते, सात तारांना सुमारे ४८ आणि आठ तारांना ५५ च्या आसपास. सहा तारा मिळून दांडीला ४५ ते ५० किलोंच्या ताणानं ओढत असतात. सातवी तार त्यात सात-आठ किलोंची भर घालते.

अशी गिटार कारखान्यातून निघते तेव्हा एका सरासरी वादकासाठी जुळवलेली असते. तो कोणत्या जाडीच्या तारा लावणार, किती जोरानं वाजवणार, कोणत्या हवेत राहणार, हे कारखान्यानं गृहीत धरलेलं असतं. मग ती जहाजात आणि गोदामात महिने काढते आणि एखाद्या पावसाळ्यात आपल्या घरी येते. पावसाळ्यात दरवाजे फुगतात हे आपण जाणतो. गिटारची दांडीही लाकडाचीच असते. त्यामुळे नवं वाद्य खोक्यातून काढलं आणि लगेच मनासारखं वाजलं, असं क्वचितच घडतं. ते ज्याच्या-तिच्या हातासाठी नव्यानं जुळवावं लागतं. मुद्दा आहे तो इथेच. कोणाच्या हातासाठी जुळवायचं, आणि ते कुणी ठरवायचं?

मी दुकानात गेले तेव्हा सोबत माझा भाचा होता. तो गिटार वाजवत नाही, नुसता पिशवी धरायला आला होता. दुकानदार सगळं बोलत होता ते त्याच्याशी. मी सात तारांची गिटार मांडीवर घेतली, वाजवून पाहिली आणि म्हटलं, "दाबायला जड आहे." त्यावर तो म्हणाला, "ताई, ही तुमच्या हाताला जडच जाणार. बोटंही पुरायची नाहीत. सहा तारांचीच घ्या ना." मी सात तारांचीच घेतली. घरी आल्यावर पोलादी पट्टी लावून मोजलं. बाराव्या पडद्यावर जाड तारेची उंची तीन मिलिमीटर भरली. साधारणपणे ती दोनच्या आसपास ठेवतात आणि बारीक तारेची दीडच्या. म्हणजे माझ्या हाताला जे जड जात होतं, ते एका मिलिमीटरचं ओझं होतं. एखाद्या पुरुषालाही ते जडच गेलं असतं. फरक एवढाच, की त्यानं तक्रार केल्यावर दुकानदारानं गिटारकडे पाहिलं असतं. माझी तक्रार ऐकून त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं.

हा अनुभव गिटारपुरता नाही, म्हणूनच तो इथे सांगते. बसमधली वरची दांडी हाताला लागत नाही, तेव्हा बाई बुटकी ठरते. शेतातलं औजार पेलत नाही, तेव्हा बाई नाजूक ठरते. ती दांडी कोणाच्या उंचीला धरून लावली, त्या औजाराची मूठ कोणाच्या पंज्याला धरून बसवली, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही. कारण माप घेण्याचं साधन आपल्या हाती कुणी दिलेलं नसतं. जिला मोजता येत नाही, तिला दुसऱ्यानं सांगितलेला दोष आपलाच मानावा लागतो.

आता या जुळवणीत असं काय अवघड असतं, ते पाहू. पहिली गोष्ट तारांची. त्यांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. सात तारांच्या संचात सर्वांत बारीक तार ९ किंवा १० ची आणि सर्वांत जाड ५६ ते ६२ ची असते. कोणता संच घ्यायचा हे आपण तारा कोणत्या स्वरात लावणार, यावर ठरतं. दुसरी गोष्ट दांडीच्या बाकाची. तारांच्या ओढीनं दांडी किंचित वाकते. तिला सावरायला तिच्या पोटात एक लोखंडी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यूच्या नावानं तिचं पेटंट १९२३ साली नोंदलं गेलं. पहिल्या पडद्यावर कॅपो लावायचा, दांडी जिथे खोडाला जुळते तिथला पडदा बोटानं दाबायचा आणि सातव्या-आठव्या पडद्यापाशी तार व पडदा यांच्यात किती फट राहते ते पाहायचं. ती पाव मिलिमीटरच्या आसपास असावी. मोजायला फीलर गेज लागतो. स्कूटरच्या मेकॅनिककडे असतात तीच ती पातळ पोलादी पात्यांची जुडी. फट जास्त असेल तर ॲलन कीनं सळई पाव फेरा आवळायची, कमी असेल तर पाव फेरा सैल करायची, तारा पुन्हा स्वरात लावायच्या आणि पुन्हा मोजायचं. पाव फेऱ्याहून जास्त घाई करायची नाही. की अडली तर जोर लावायचा नाही.

त्यानंतर ब्रिजवरचे छोटे स्क्रू फिरवून प्रत्येक तारेची उंची ठरवायची. मग येतं इंटोनेशन. बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा स्वर आणि तिथेच तार दाबून निघणारा स्वर एकच आला पाहिजे. दाबलेला स्वर चढा असेल तर ब्रिजवरची तारेची बैठक मागे सरकवायची, उतरता असेल तर पुढे आणायची. खर्जाची जाड तार सगळ्यांत जास्त मागे जाते. सात-आठ तारांच्या गिटारीत कारखान्यातली जुळवणी सर्वांत आधी उघडी पडते ती इथेच. शेवटी पिकअपची उंची. आवाज पकडणारी ती चुंबकं तारेच्या फार जवळ असली तर तारेला ओढून धरतात आणि स्वर गढूळ होतो.

एक काम मात्र मी स्वतः करत नाही. दांडीच्या डोक्याशी नट नावाची खाचांची पट्टी असते. जाड तार लावली तर जुनी खाच तिला अरुंद पडते, स्वर लावताना तार अडकते आणि टिंग असा आवाज करून एकदम पुढे उडी मारते. खाच कानशीनं रुंद करावी लागते. स्क्रू उलटा फिरवता येतो, कानशीनं गेलेलं परत येत नाही. म्हणून ते काम कारागिराकडे. पण त्याच्याकडे जाताना "काहीतरी बिघडलंय हो" एवढंच न म्हणता "सातव्या तारेची खाच ६२ च्या तारेसाठी रुंद करून द्या, खोल करू नका" असं सांगता येतं. त्यानंतर बोलण्याचा सूर किती बदलतो, हे अनुभवण्यासारखं आहे. कारागीर मग आपल्याशी बोलतो, सोबतच्या पुरुषाशी नाही.

या सगळ्यात ताकद कुठे लागली? कुठेच नाही. धीर, मोजमाप आणि कान एवढ्यावर काम भागतं. शिलाई मशीनवर वरच्या आणि खालच्या धाग्याचा ताण जुळवणारी बाई नेमकं हेच करत असते. कापड बदललं की स्क्रू थोडा फिरवायचा, टीप घालून पाहायची, पुन्हा फिरवायचा. आपल्या आया-मावश्यांनी हे वर्षानुवर्षं केलं. त्याला कुणी 'टेक्निकल' म्हटलं नाही. तेच काम गिटारवर आलं, की ते पुरुषाचं होतं आणि त्याला मोलही येतं. म्हणजे काम कोणतं यापेक्षा ते कोण करतं यावर त्याची किंमत ठरते. हे आपण स्वयंपाकघर आणि हॉटेल यांच्या बाबतीत नेहमी बोलतो, पण वाद्यांच्या बाबतीत बोलत नाही.

खरं तर गिटारच्या इतिहासात बायकांचे हात सुरुवातीपासून आहेत, दिसत मात्र नाहीत. फेंडरच्या कॅलिफोर्नियातल्या कारखान्यात अबिगेल इबारा १९५६ साली कामाला लागल्या आणि त्यांनी आयुष्यभर पिकअपवर तांब्याची केसासारखी तार गुंडाळली. त्या निवृत्त झाल्या २०१३ साली. त्यांच्या हातचे पिकअप आज जाणकार शोधत फिरतात. दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले, तेव्हा मिशिगनमधल्या कॅलमझू इथल्या गिब्सनच्या कारखान्यात बायकांनी हजारो गिटारी घडवल्या. पुढे कित्येक दशकं ही गोष्ट जवळजवळ विस्मरणात गेली होती. जॉन थॉमस यांनी या कामगार स्त्रियांवर २०१३ साली पुस्तक लिहिलं, तेव्हा ती नीट समोर आली. ओळीत बसून बारीक तार गुंडाळायची असते, तेव्हा बायकांचे हात नाजूक आणि म्हणून योग्य. त्याच वाद्याचा स्क्रू फिरवायचा असतो, तेव्हा तेच हात नाजूक म्हणून अयोग्य. हा न्याय कुणाच्या सोयीचा आहे ते वेगळं सांगायला नको.

ज्यांनी ही रेघ ओलांडली त्यांनी वाद्यंच बदलून टाकली. कार्लीन हचिन्स या अमेरिकेतल्या शाळाशिक्षिका. १९४० च्या दशकात त्या घरी व्हायोला बनवायला लागल्या आणि पुढे त्यांनी ध्वनिशास्त्राचा अभ्यास करून लहान-मोठ्या आठ व्हायोलिनींचं एक कुटुंबच तयार केलं. व्हायोलिनच्या आवाजाचा पल्ला त्यांनी दोन्ही बाजूंना वाढवला. कॅनडाच्या लिंडा मँझर यांनी १९८४ साली पॅट मेथिनी या वादकासाठी ४२ तारांची गिटार घडवली. जास्तीच्या तारा बाईला झेपत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आणि आपल्याकडे? आपल्या संगीतात तर वाद्य स्वतः जुळवणं हा शिक्षणाचाच भाग आहे. गाणं शिकणारी मुलगी आधी तंबोरा लावायला शिकते. खुंटी पिळायची, मणी सरकवायचा, घोडीवर तारेखाली सुताचा दोरा नेमक्या जागी बसवून जवारी खुलवायची. हे शिष्येनं स्वतः करायचं असतं. जवारी घासायची वेळ आली की तंबोरा मिरजेच्या कारागिरांकडे जातो. त्यांच्या या कलेला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण कारागीर आहे म्हणून गाणारीला जवारी कळू नये, असं कोणतंही घराणं म्हणत नाही. उलट, तंबोरा लावता येत नसेल तर तिचं गाणं कच्चं समजतात. गिटार परदेशातून आली तेव्हा तिच्याबरोबर ही शिस्त आली नाही. क्लासमध्ये पहिल्या महिन्यात कॉर्ड शिकवतात, गाणी शिकवतात, पण तार कशी बदलायची हे वर्षानंतरही शिकवत नाहीत. मुलगे ते मित्रांकडून, दुकानात रेंगाळून शिकतात. मुलींना दुकानात रेंगाळायची मुभा नसते.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही आपल्यातूनच येतील. पहिला असा, की घरातलं सगळं बायकाच करतात, आता हेही शिकायचं का? गॅस बदला, फ्यूज बदला, मुलांचा अभ्यास घ्या आणि वर गिटारही स्वतः दुरुस्त करा? आक्षेप रास्त आहे. स्वावलंबनाच्या नावाखाली बाईवर नवं काम लादलं जातं, हे आपण पुष्कळ पाहिलं आहे. म्हणून नीट सांगते. प्रत्येकीनं गिटार स्वतः जुळवलीच पाहिजे, असं माझं म्हणणं नाही. वेळ नसेल तर कारागिराला द्यावी, त्याच्या कौशल्याचे पूर्ण पैसे द्यावेत. पण काय करून हवं आहे हे आपल्याला कळावं आणि केलेलं काम तपासता यावं. हात दुसऱ्याचा असला तरी निर्णय आपला राहावा. काम न करण्याची मोकळीक आणि काम न येण्याची लाचारी यांत खूप अंतर आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बायका पाण्यासाठी मैलोन्‌मैल चालतात त्या देशात इलेक्ट्रिक गिटारची चर्चा म्हणजे चैन नाही का? गिटार ही चैन आहे, हे मला मान्य आहे. पण प्रश्न तोच आहे. १९९० च्या दशकात उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्या कार्यक्रमात ग्रामीण स्त्रिया हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. राजस्थानात तिलोनियाच्या संस्थेनंही स्त्रियांना हेच शिक्षण दिलं. पाणी भरायचं बाईनं आणि पंप बिघडला की वाट पाहायची मेकॅनिकची, हा तिथला नियम होता. बायकांनी पाना हातात घेतला तेव्हा "बाईला हे जमणार नाही" असंच म्हटलं गेलं. हातपंप आणि गिटार यांची गरज सारखी नाही, पण पाना कोणाच्या हाती असावा यामागचा समज दोन्हीकडे एकच आहे. तो समज गरिबीत असतो तसा सुखवस्तू घरातही असतो, आणि तिथे तो कौतुकाच्या वेष्टनात असल्यामुळे लवकर दिसत नाही.

मग करायचं काय? गिटारच्या क्लासनी पहिल्या तीन महिन्यांत तार बदलणं, बाक आणि उंची मोजणं हे मुलामुलींना सारखंच शिकवावं. आईवडिलांनी मुलीला गिटार घेऊन देताना सोबत एक पोलादी पट्टी, फीलर गेज, ॲलन कीचा संच आणि ट्यूनरही घेऊन द्यावा. गिटारच्या मानानं हा खर्च किरकोळ आहे. दुकानदारांनी जी वाजवणार आहे तिच्याशी बोलावं. आणि आपल्या गटांनी, जिथे दोन-चार जणी वाजवतात तिथे, ही अवजारं एकत्र घ्यावीत. मोबाइलवर व्हिडिओ पाहून आज पुष्कळ शिकता येतं. पण पहिल्यांदा ट्रस रॉडला हात लावताना शेजारी "पाव फेराच हं" म्हणणारी कुणी असली, की भीती निम्मी होते. दर पावसाळ्यानंतर एक रविवार काढला आणि सगळ्यांच्या गिटारी मांडून बसलं, तरी काम होईल. तंबोरा लावणाऱ्या मैत्रिणींनाही त्या दिवशी बोलवावं. जवारी आणि इंटोनेशन यांच्यावर त्यांचं-आपलं चांगलं जमेल.

एखादं वाद्य, यंत्र किंवा औजार तुम्हाला "झेपणार नाही" असं कुणी सांगितलं, तर हात खाली घेण्याआधी पट्टी लावून पाहा. कुठे एखादा मिलिमीटर जास्त आहे का, ते तपासा. तुमच्यापैकी कुणी शिलाई मशीन, पंप, स्कूटर किंवा वाद्य स्वतः दुरुस्त करत असेल, तर कशा शिकलात, कुणी अडवलं आणि कुणी शिकवलं, ते जरूर लिहून पाठवा. पुढच्या अंकात ही चर्चा पुढे नेता येईल.